बास्केटबॉलचे विजेते आणि नायकांचे अर्थकारण

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे, म्हणजे एनबीएचे, विजेतेपद २२ जून २०२५ रोजी ओक्लाहोमा सिटीच्या संघाने पटकावले. इंडियानाच्या संघाने अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत खेचली होती. तो निर्णायक सामना ओक्लाहोमाने १०३ विरुद्ध ९१ गुणांनी जिंकला. मोसमातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान, सर्वाधिक सरासरी गुणांचा मान आणि अंतिम फेरीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान हे तिन्ही शे गिलजस-अलेक्झांडर ह्या एकाच खेळाडूच्या पदरात पडले. विजेतेपद मिळवून देतो तो एक असामान्य खेळाडू, बाकीचे सारे त्याचे साथीदार, ह्या जुन्या समजुतीला त्यामुळे पुन्हा एकदा बळकटी मिळाली.

परंतु ह्याच शहराच्या इतिहासात त्या समजुतीला छेद देणारा दाखलाही आहे. २०१२ साली ओक्लाहोमाच्या संघात केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन असे तीन तरुण खेळत होते. तिघांचीही पंचविशी उलटलेली नव्हती. पुढे २०१४, २०१७ आणि २०१८ ह्या वर्षी अनुक्रमे तिघांनाही सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान मिळाला. एका संघात भावी मानकऱ्यांचे असे त्रिकूट क्वचितच जमते. तरीही त्या वर्षीच्या अंतिम फेरीत मायामीने ह्या संघाला चार विरुद्ध एक अशी मात दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्डनची रवानगी ह्यूस्टनला झाली, २०१६ साली ड्युरंट निघून गेला आणि तीन नायकांचा तो संघ एकही विजेतेपद न मिळवता विखुरला.

एकाच शहरातील ह्या दोन घटनांचा मेळ कसा घालावयाचा? हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांच्या गप्पांचा नाही. एनबीएने २०२५-२६ पासूनच्या अकरा वर्षांसाठी केलेल्या प्रक्षेपण करारांची किंमत सुमारे ७६ अब्ज डॉलर आहे. इतका पैसा ज्या उद्योगात फिरतो, तेथे यशाचे श्रेय कोणाचे, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणाला किती वेतन मिळावे, कोणत्या शहराने किती वर्षे पराभव सोसावा आणि कोणाच्या कष्टाची नोंदच होऊ नये, हे सारे ठरत असते. नायक आणि संस्था ह्यांच्या परस्परसंबंधाचा इतका मोजता येण्याजोगा नमुना अन्यत्र सहसा सापडत नाही.

पाच जणांचे अंकगणित

बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूचे वजन इतके का, ह्याचे उत्तर प्रथम खेळाच्या नियमांत शोधावयास हवे. जेम्स नेस्मिथ ह्यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला. आज मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात. एनबीएचा सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. महत्त्वाच्या सामन्यांत प्रमुख खेळाडू त्यांपैकी चाळीस मिनिटांच्या आसपास खेळतो. म्हणजे पाचांतील एक माणूस सामन्याचा पाच-षष्ठांश वेळ मैदानावर असतो. तो चढाईत असतो आणि बचावातही असतो; शिवाय चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याच हाती देण्याची मुभा संघाला असते.

क्रिकेटशी तुलना केली तर हा फरक ठळक होतो. एकदिवसीय सामन्यात उत्तमातला उत्तम गोलंदाजही पन्नासपैकी दहाच षटके टाकू शकतो, आणि फलंदाज एका चुकीने तंबूत परततो. बास्केटबॉलमधील नायक एक फेक चुकला तरी पुढच्या मिनिटाला दुसरी फेक करतो. त्यातच १९५४ पासून लागू असलेल्या चोवीस सेकंदांच्या नियमामुळे चेंडू दडवून वेळ काढता येत नाही. दोन्ही संघांना सामन्यात साधारणपणे शंभर-शंभर वेळा चढाईची संधी मिळते. संधी इतक्या वेळा मिळाली की नशिबाचा वाटा घटतो आणि कौशल्याचा वाढतो. फुटबॉलमध्ये एका नशिबाच्या गोलाने दुबळा संघ जिंकून जातो. येथे मात्र ८२ साखळी सामने आणि त्यानंतर सातपैकी चार सामने जिंकण्याच्या अटीवर खेळल्या जाणाऱ्या फेऱ्या पार कराव्या लागतात. योगायोगाला इतकी गाळणी लावल्यावर उरते ती बव्हंशी गुणवत्ता.

ह्या अंकगणिताचा पडताळा क्लीव्हलंडने घेतला आहे. २००९-१० च्या मोसमात लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंड संघाने ८२ पैकी ६१ सामने जिंकले. जेम्स मायामीला गेला आणि पुढच्याच मोसमात हा आकडा १९ वर आला. २०१४ मध्ये तो परतला, तेव्हा ३३ विजयांचा संघ ५३ विजयांवर पोहोचला. २०१८ मध्ये तो पुन्हा गेला, तेव्हा ५० चे १९ झाले. अर्थात प्रत्येक वेळी जेम्सबरोबर संघातील इतरही काही बदलले होते; २०१४ मध्ये केव्हिन लव्हसारखा कसलेला खेळाडूही क्लीव्हलंडला आला होता. तेव्हा सारा फरक एका माणसाच्या नावे मांडणे योग्य होणार नाही. पण आठ-नऊ वर्षांत तीनदा तराजू त्याच बाजूला झुकला, हा निव्वळ योगायोग मानणेही कठीण आहे.

आवश्यक, पण पुरेसा नव्हे

१९८० ते २०२५ ह्या काळात एकंदर ४६ विजेतेपदे दिली गेली आणि ती अवघ्या १५ संघांनी वाटून घेतली. लॉस एंजेलिस लेकर्सने ११, शिकागोने ६, बॉस्टन आणि सॅन अँटोनिओ ह्यांनी प्रत्येकी ५. म्हणजे चार संघांकडेच ४६ पैकी २७ विजेतेपदे गेली. २००४ पासून एनबीएमध्ये तीस संघ आहेत, हे ध्यानात घेतले की ह्या केंद्रीकरणाचे प्रमाण कळते.

आता ह्या विजेत्या संघांकडे दुसऱ्या अंगाने पाहू जाता असे दिसते की, ४६ पैकी ४१ विजेत्या संघांत असा किमान एक खेळाडू होता, ज्याला त्याच्या कारकिर्दीत केव्हा ना केव्हा मोसमातील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान मिळाला होता किंवा पुढे मिळाला. अपवाद पाचच: १९८९, १९९० आणि २००४ चे डेट्रॉइट, २०१९ चे टोरोंटो आणि २०२४ चे बॉस्टन. त्यांपैकी टोरोंटोकडे कावाय लेनर्ड होता, ज्याला अंतिम फेरीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान २०१४ आणि २०१९ असा दोनदा मिळाला. त्याला सामान्य कोण म्हणेल?

एवढ्यावर थांबले तर निकाल नायकांच्या बाजूने लागतो. पण प्रश्न उलटा विचारून पाहावा. ज्या खेळाडूला ज्या वर्षी सर्वश्रेष्ठ ठरवले गेले, त्याच वर्षी त्याच्या संघाने विजेतेपद मिळवले, असे किती वेळा घडले? ४६ पैकी १६ वेळा. २०१६ ते २०२४ ह्या नऊ वर्षांत तर असे एकदाही घडले नाही. म्हणजे त्या वर्षीचा सर्वांत श्रेष्ठ म्हणून गौरविलेला खेळाडू तीनांपैकी दोन वेळा पराभूत संघात होता. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर असामान्य खेळाडू ही विजेतेपदाची जवळजवळ आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट मात्र मुळीच नाही. ह्या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळेच बहुतेक वाद उद्भवतात.

येथे आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. बहुमान देणारे मत देतात ते बहुधा जिंकणाऱ्या संघांतील खेळाडूंनाच. विजेतेपद मिळाले की खेळाडू थोर ठरतो, आणि मग थोर खेळाडूमुळे विजेतेपद मिळाले असे सांगितले जाते. कार्य आणि कारण ह्यांची अशी अदलाबदल झाली की आकडे मूळ प्रश्नावर प्रकाश टाकण्याऐवजी त्याचीच पुनरुक्ती करतात. म्हणून आकड्यांच्या जोडीला प्रत्यक्ष इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

चेंबरलेनने काय सोडले?

ह्या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन ह्यांचा. चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात शंभर गुण केले. त्या मोसमात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण होती. ह्या दोन्ही विक्रमांच्या जवळपास नंतर कोणी फिरकलेला नाही. रसेलची कारकिर्दीतील सरासरी जेमतेम पंधरा गुणांची. पण १९५७ ते १९६९ ह्या तेरा मोसमांत रसेलच्या बॉस्टनने अकरा विजेतेपदे मिळवली. चेंबरलेनच्या वाट्याला साऱ्या कारकिर्दीत दोन आली.

ह्यावरून काही जण चेंबरलेनला स्वार्थी आणि रसेलला त्यागी ठरवून मोकळे होतात. ते न्याय्य नाही. रसेलच्या भोवती बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक ह्यांसारखे कसलेले खेळाडू होते आणि रेड ऑरबाक ह्यांच्यासारखा चतुर प्रशिक्षक होता. शिवाय रसेलचे मोठेपण ज्या गोष्टीत होते, ती प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडविण्याची कला एनबीएच्या अधिकृत नोंदवहीत १९७३-७४ पर्यंत मोजलीच जात नव्हती. तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षे लोटली होती. जे मोजले जाते तेच मोलाचे, असे मानण्याची सवय कचेऱ्यांत आणि परीक्षांत जशी आहे, तशीच क्रीडांगणावरही होती.

चेंबरलेनच्या स्वतःच्या कारकिर्दीत मात्र एक वर्ष निर्णायक ठरले. पहिले सात मोसम गुणांच्या सरासरीत तो प्रथम क्रमांकावर राहिला आणि सातही वेळा त्याला विजेतेपदाने हुलकावणी दिली. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम ह्यांच्या हाताखाली त्याची सरासरी ३३.५ वरून २४.१ वर उतरली, सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे त्याचे पास सामन्यामागे जवळजवळ आठांवर गेले, संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि बॉस्टनची मक्तेदारी मोडून विजेतेपद मिळवले. त्याचे दुसरे विजेतेपद १९७२ चे. त्या मोसमात लेकर्सने सलग ३३ सामने जिंकले, आणि चेंबरलेनची सरासरी पंधरा गुणांच्याही खाली होती. त्याचे सामर्थ्य ह्या वर्षांत कमी झाले होते असे नव्हे. ते कोठे खर्च करावयाचे, ह्याचा निर्णय बदलला होता.

जॉर्डनची सात वर्षे

मायकेल जॉर्डनची कथा सर्वतोमुखी आहे. पण तिचा पूर्वार्ध सहसा सांगितला जात नाही. जॉर्डन १९८४ मध्ये शिकागोच्या संघात आला. १९८६ च्या एप्रिलमध्ये त्याने बॉस्टनविरुद्ध बाद फेरीच्या एका सामन्यात ६३ गुण केले. तो सामना बॉस्टनने जिंकला आणि ती फेरीही तीन-शून्य अशी जिंकली. पुढच्या मोसमात त्याची सरासरी ३७.१ गुणांवर गेली. पुन्हा पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून तसाच पराभव. पहिल्या सहा मोसमांत त्याला विजेतेपद मिळाले नाही.

मग काय बदलले? १९८७ मध्ये स्कॉटी पिपेन आला. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर ह्यांची त्रिकोणी रचनेची पद्धत संघात रुजविली. तीत चेंडू एकाच्या हातात न थांबता पाचही जणांतून फिरत असे. १९९१ मध्ये पहिले विजेतेपद आले आणि १९९८ पर्यंत सहा झाली. ह्या सहाही मोसमांत गुणांच्या सरासरीत जॉर्डनच प्रथम होता, हेही विसरता कामा नये. तेव्हा नायकाने मागे सरावे म्हणजे संघ जिंकतो, असा सोपा नियम चेंबरलेनच्या उदाहरणावरून काढता येणार नाही. पण १९९३ च्या अंतिम फेरीतील विजयाची फेक जॉन पॅक्सनची होती, आणि १९९७ ची स्टीव्ह करची, तीही जॉर्डनने दिलेल्या पासवर. सारा प्रतिपक्ष एकट्या जॉर्डनवर धावून जाई, तेव्हा मोकळा राहिलेला साथीदार ती संधी वाया घालविणार नाही, ह्या विश्वासावर ती विजेतेपदे उभी होती.

१९९३ च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्डनने अचानक निवृत्ती पत्करली. आदल्या मोसमात संघाने ५७ सामने जिंकले होते. त्याच्याशिवाय खेळलेल्या मोसमात ५५ जिंकले. दोनच विजयांचा फरक! पण बाद फेरीत न्यूयॉर्कने सातव्या सामन्यात शिकागोला बाहेर काढले. १९९५ मध्ये जॉर्डन परतला, आणि १९९५-९६ मध्ये ७२ विजयांसह विजेतेपदही परतले. ह्या एका प्रसंगात दोन्ही बाजूंचे सत्य एकवटले आहे. उत्तम बांधलेला संघ नायकाविना चांगला राहू शकतो. चांगल्यापासून सर्वोत्तमापर्यंतचे शेवटचे पाऊल मात्र बहुधा नायकच टाकतो.

डेट्रॉइटचा अपवाद आणि त्याची किंमत

नायकाविना विजय शक्य आहे, ह्याचा पुरावा म्हणून २००४ च्या डेट्रॉइटचे नाव घेतले जाते. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन अशा नामवंतांचा लेकर्स संघ होता. डेट्रॉइटकडे होते अनेक संघांनी हातचे सोडून दिलेले चॉन्सी बिलप्स आणि नवोदितांच्या निवडीत कोणीच न निवडलेला बेन वॉलेस. डेट्रॉइट चार-एक असे जिंकले. पण अपवाद म्हणून त्याचे कौतुक करताना दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. एक तर बेन वॉलेसला सर्वोत्तम बचावपटूचा बहुमान चार वेळा मिळाला आहे. तो नायक नव्हता असे नव्हे, त्याचे नायकत्व गुणफलकावर दिसत नव्हते. दुसरे म्हणजे पाचही जण जवळजवळ सारख्या तोलाचे, परस्परपूरक आणि एकाच वेळी ऐन उमेदीत असावे लागतात. एक असामान्य खेळाडू मिळणे दुर्मीळ. असे पाच जण एकत्र जुळून येणे त्याहूनही दुर्मीळ. डेट्रॉइट २००५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले, पण टिम डंकनच्या सॅन अँटोनिओकडून सातव्या सामन्यात हरले.

मोल आणि मोबदला

शर्विन रोझेन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये असामान्य कलावंत-खेळाडूंच्या उत्पन्नावर एक गाजलेला निबंध लिहिला. गुणवत्तेतील थोडासा फरक उत्पन्नात प्रचंड फरक का पाडतो, हा त्याचा प्रश्न होता. तंत्रज्ञानामुळे एकाच व्यक्तीची कला एकाच वेळी लक्षावधींपर्यंत पोहोचते, आणि दुसऱ्या क्रमांकाची कला कितीही स्वस्त दिली तरी पहिल्या क्रमांकाची भूक ती भागवू शकत नाही, असे त्याचे उत्तर. जेरी हाउसमन आणि ग्रेगरी लेनर्ड ह्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असा हिशेब मांडला की, १९९१-९२ च्या मोसमात एकट्या जॉर्डनमुळे इतर संघांच्या पदरात सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलर पडले. म्हणजे नायकाचे मोल त्याच्या संघापुरतेही मर्यादित नसते. ज्यांना तो हरवतो, त्यांनाही तो कमावून देतो.

पण बाजारातील मोल एक आणि विजयातील वाटा दुसरा. विजेतेपद हे संयुक्त उत्पादन आहे. मायकेल क्रेमर ह्यांनी १९९३ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे चपखल बसतो. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अंतराळयान एका रबरी कड्याच्या दोषाने नष्ट झाले. उत्पादनाच्या अनेक टप्प्यांपैकी एक जरी फसला तरी साऱ्यांचे मोल शून्यावर येते, हा त्यातला बोध. अशा उत्पादनात एकाची गुणवत्ता दुसऱ्याच्या गुणवत्तेने गुणली जाते. तेथे साधी बेरीज लागू पडत नाही. नायकाचे मोल त्याच्या साथीदारांवर अवलंबून असते आणि साथीदारांचे नायकावर. म्हणून एकाचा वाटा वेगळा काढून दाखविण्याचा हट्टच मुळात फसवा असतो.

वेतनाचे नियम ह्या गुंत्यात भर घालतात. १९८४-८५ पासून संघांच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. त्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती, २०२४-२५ मध्ये १४ कोटी डॉलरांहून अधिक झाली. १९९७-९८ मध्ये जॉर्डनला सुमारे ३ कोटी ३१ लाख डॉलर मिळाले. साऱ्या संघासाठीची मर्यादा त्या वर्षी २ कोटी ६९ लाख होती! मालकांना हे मानवणारे नव्हते. १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतरच्या करारात व्यक्तिगत वेतनावरही कमाल मर्यादा आली: सेवेच्या वर्षांनुसार संघमर्यादेच्या साधारणपणे २५, ३० किंवा ३५ टक्के. हेतू समतेचा सांगितला गेला. परिणाम मात्र असा झाला की ज्याचे विजयातील मोल ह्या मर्यादेहून कितीतरी अधिक आहे, असा नायक संघाला स्वस्तात मिळू लागला, आणि उरलेल्या पैशात दुसरा नायक घेता येऊ लागला. पैशाने मिळणारा फरक संपल्यावर नायकही वेतनापेक्षा साथीदार पाहून संघ निवडू लागले. २०१० मध्ये जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश मायामीत एकत्र आले, ते ह्याच हिशेबाने.

गोल्डन स्टेटचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे आहे. घोट्याच्या दुखापतींमुळे स्टीफन करीने २०१२ मध्ये चार वर्षांसाठी अवघ्या ४ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला होता. त्या करारातच तो दोनदा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. २०१६ मध्ये प्रक्षेपणाच्या नव्या पैशामुळे संघमर्यादा एकदम ७ कोटींवरून सुमारे ९ कोटी ४० लाखांवर गेली, आणि ७३ सामने जिंकून अंतिम फेरी हरलेल्या ह्या संघाला ड्युरंट घेता आला. २०१७ आणि २०१८ ची विजेतेपदे त्यानंतरची. दुसऱ्या शब्दांत, नायक जिंकून देतात हे खरे; पण कोणते नायक कोणाकडे एकत्र येतील, हे बऱ्याच अंशी करारपत्रांतील कलमे ठरवितात.

हरण्याचे बक्षीस

ह्या व्यवस्थेची सर्वांत कटू किंमत मोजतात ती हरणाऱ्या संघांची शहरे. नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत दुबळ्या संघांना अग्रक्रम मिळतो. बलवानांना अधिक बळ मिळू नये, हा उद्देश चांगलाच आहे. पण नायकाशिवाय विजेतेपद नाही आणि नायक मिळविण्याचा सोपा मार्ग तळाला जाणे हा आहे, असे दिसल्यावर मधल्या स्थानावर प्रामाणिकपणे धडपडणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. फिलाडेल्फियाने २०१३ पासून हा मार्ग उघडउघड पत्करला: १९, १८ आणि १० विजय असे तीन मोसम काढले. त्यातून जोएल एम्बीड मिळाला, २०२३ मध्ये तो सर्वश्रेष्ठ खेळाडूही ठरला; पण २०२५ पर्यंत त्याच्या संघाला बाद फेरीचा दुसरा टप्पा ओलांडता आला नाही. १९८५ पासून सोडतीची पद्धत आहे. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना सारखीच, १४ टक्के, संधी मिळू लागली. तरीही हरण्याचा मोह संपलेला नाही.

आणि एवढे करून निवड चुकली तर? मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या सॅक्रमेंटो संघाचे २०१३ पासून प्रमुख मालक आहेत, त्याचा अनुभव असाच आहे. हाच संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियानाविरुद्ध दोन सामने खेळण्यासाठी वरळीला आला होता. २०१८ च्या निवडीत सॅक्रमेंटोला दुसरा क्रमांक मिळाला. त्यांनी मार्विन बॅग्ली ह्याला निवडले. पुढच्याच क्रमांकावर गेलेला लुका डॉन्चिच २०२४ मध्ये डॅलसला अंतिम फेरीत घेऊन गेला. बाद फेरीपासून सलग सोळा मोसम दूर राहिलेल्या सॅक्रमेंटोचा वनवास संपला तो २०२३ मध्ये. ह्या सोळा वर्षांत एका पिढीचे प्रेक्षक तिकिटे काढून पराभव पाहत राहिले. उलट डेन्व्हरला निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर मिळाला, आणि २०२३ चे विजेतेपद त्यानेच मिळवून दिले. तळाला जाण्याने नायक मिळतोच असे नाही, आणि नायक मिळण्यासाठी तळाला जावेच लागते असेही नाही.

२०१९ ते २०२५ ह्या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले. नायक दुर्मीळ आहेत, पण पूर्वी वाटत होते तितके ते एकाच घरी बांधलेले नाहीत. २०२५ च्या ओक्लाहोमाकडे पाहावे. गिलजस-अलेक्झांडर त्यांना २०१९ च्या अदलाबदलीत मिळाला. त्याच व्यवहारात हाती आलेल्या निवडहक्कातून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. हा संघही २२ आणि २४ विजयांच्या दोन मोसमांतून गेला. पण २०१२ मध्ये ह्याच शहराने तीन नायक हाताशी असून ते टिकविले नाहीत, आणि २०२५ मध्ये एका नायकाभोवती बचावात तरबेज असलेल्या तरुणांची फळी उभी केली. दोन निकालांतील अंतर बव्हंशी येथे आहे.

भारतीय वाचकाला हे सारे अपरिचित वाटण्याचे कारण नाही. २००३ च्या विश्वचषक स्पर्धेत सचिन तेंडुलकरने ६७३ धावा केल्या, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळविला. अंतिम सामना भारत हरला. विश्वचषक त्याच्या हाती आला तो २०११ मध्ये, सहाव्या प्रयत्नात, आणि त्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला युवराजसिंग. २००३ चा तेंडुलकर २०११ च्या तेंडुलकरापेक्षा लहान नव्हता.

आपल्याकडे संस्था बुडू लागली की एखादा कर्तबगार माणूस आणून बसवावा, म्हणजे ती तरेल, अशी श्रद्धा शाळांपासून सहकारी बँकांपर्यंत सर्वत्र आढळते. ती श्रद्धा अगदीच निराधार नाही, हे क्लीव्हलंडच्या आकड्यांवरून दिसते. पण जॉर्डन आला त्या दिवशी शिकागो जिंकू लागले नाही; पिपेन, जॅक्सन, पॅक्सन आणि चेंडू फिरता ठेवणारी एक पद्धत जमून येण्यास सात वर्षे लागली. आणि तो निघून गेल्यावरही ५५ सामने जिंकण्याइतके बळ ज्या संघात उरले, त्याच संघात परतून त्याने पुढची तीन विजेतेपदे मिळविली. कर्तबगार माणसाच्या शोधात असलेल्या संस्थांनी आधी त्या पंचावन्न विजयांची तजवीज करावी, हेच शहाणपणाचे.